आईशेजारची जागा

बोटीत बसून तासही झाला नव्हता, तेवढ्यात आईने माझी जागा त्या मुलीला देऊन टाकली.

मी पाण्याची बाटली आणायला मागे गेले होते. बोट लाकडी, लांबलचक, आणि आत जुन्या मिनीबसमधून काढलेल्या सीट्स दोन-दोनच्या ओळीत मांडलेल्या. खाली ठोकलेल्यासुद्धा नाहीत, नुसत्या ठेवलेल्या. मागे इंजिनाजवळ बोटवाल्याची बायको पाणी, बिअर आणि कपातले नूडल्स विकत होती. मी बाटली घेऊन, माणसांच्या सॅक आणि चपला ओलांडत परत आले, तर आईच्या शेजारी कठड्याच्या बाजूला एक गोरी मुलगी डोळे मिटून बसलेली. तिच्या मांडीवर आईची प्लॅस्टिकची पिशवी, आणि आई तिच्या पाठीवर हात फिरवतेय.

"तिला मळमळत होतं गो," आई म्हणाली. "मागे डिझेलचा वास येतो. तू बस ना तिथे पाठीमागे. तुला काय होतंय?"

मी मागच्या सीटवर बसले. 'तुला काय होतंय' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. भावाला ताप असायचा तेव्हा, शेजारणीची मुलं आमच्याकडे जेवायला असायची तेव्हा. मी धडधाकट होते, म्हणून मला नेहमी मागची सीट.

ही बोट माझी होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण तिचा शोध मी लावला होता. थायलंडच्या हद्दीवरून लाओसमध्ये शिरायचं आणि मेकाँग नदीवरून संथ बोटीने दोन दिवस लुआंग प्रबांगपर्यंत जायचं, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात काढायची, हे मी अंधेरीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तीन वर्षं वाचत बसायचे. बरोबर ऑफिसातली मैत्रीण येणार होती. तिकिटं निघाली, सुट्ट्या मंजूर झाल्या, आणि निघायच्या दीड महिना आधी तिला दिवस गेल्याचं कळलं. ती म्हणाली, "सॉरी यार, वाट लागली आपल्या प्लॅनची." आणि हसली. तिला अर्थातच खूप आनंद झाला होता.

त्या रविवारी मी मुलुंडला आईवडिलांकडे जेवायला गेले आणि मेथी निवडत बसलेल्या आईला हे सगळं रागारागाने सांगितलं. आईने एक जुडी संपवली, दुसरी ओढली, आणि म्हणाली, "मी येऊ?"

मी हसले. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जा की. पोळीभाजीवाली आहे, माझं काही अडत नाही."

आई त्रेसष्ट वर्षांची. मुलुंडच्याच एका शाळेत बावीस वर्षं शिपाई होती. कोकणातलं माहेर, मुंबई, आणि एकदा शिर्डी, यापलीकडे ती कुठे गेली नव्हती. पासपोर्ट मात्र होता, कारण मध्यंतरी कुणाच्या तरी दुबईतल्या लग्नाला सगळे जाणार होते आणि कोणीच गेलं नाही. मी तिला कॉलेजमधली माझी जुनी सॅक दिली. तिने त्यात दोन पंजाबी ड्रेस, मेतकूट, आवळासुपारीची डबी आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी भरली, आणि पायात सोसायटीच्या चालायच्या ग्रुपमधले बूट घालून ती तयार झाली.

ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं होतं, आईला बॅकपॅकिंगला नेतेय. लोक म्हणाले, किती छान. मलाही छान वाटत होतं. थायलंडमधला पहिला आठवडा तसाच गेला. गर्दीत आई माझ्या सॅकचा पट्टा धरून चालायची. पाटी दिसली की विचारायची, काय लिहिलंय. कुणी काही बोललं की माझ्याकडे बघायची. मला ते फार आवडत होतं, हे आता कबूल करते. सगळं जग तिला माझ्या हातून मिळत होतं.

आणि आता माझ्या बोटीत, माझ्या जागेवर, ही.

आवळासुपारीने त्या मुलीला बरं वाटलं. तिने डोळे उघडले, नाव सांगितलं, पोलंडची आहे म्हणाली. वय चोवीस-पंचवीस असेल, नाक उन्हाने सोललेलं. चार महिने एकटीच फिरत होती.

"अलोन?" आई म्हणाली. "मदर नॉट टेन्शन?"

मुलगी हसली. "खूप टेन्शन," ती इंग्रजीत म्हणाली, "पण ती मला विचारत नाही, मीही सांगत नाही."

आई शाळेत होती तेव्हा मुख्याध्यापिकेच्या केबिनबाहेर बसून बसून तिने जेवढं इंग्रजी कानावर पडलं तेवढं उचललं होतं. घरी ती ते कधी वापरायची नाही. इथे मात्र तिने सुरुवातच केली. अडलं की मान वळवून मला विचारायची, "ही काय म्हणते गं?" किंवा, "सांग तिला, भाकरी तांदळाचीपण असते." मी दोन सीटच्या मध्ये डोकं घालून सांगायचे. तासाभरात माझी मान आखडली. माझ्याशी त्या दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं, माझ्यातून बोलत होत्या.

नदी मातकट, रुंद, आणि दिसायला शांत. पण मध्येच काळे खडक वर आलेले, त्यांच्याभोवती पाणी गरगरत असायचं, आणि बोटवाला बोट अशी तिरकी न्यायचा की एका बाजूची माणसं कठड्याला घट्ट धरायची. दोन्ही काठांवर डोंगर आणि झाडी. मध्येच वाळूच्या पट्ट्यावर म्हशी. ज्याच्यासाठी मी तीन वर्षं झुरले ते सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी त्या मुलीच्या मानेकडे बघत होते.

कारण आई तिची वेणी घालायला लागली होती.

वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. आईने विचारलंही नाही, तिला नुसतं खांद्याला धरून वळवलं. हातात कंगवा नव्हता, बोटांनीच तिने केस सोडवले. हळू, गाठ आली की वरून धरून, दुखू नये असे. मी लहान असताना आई माझी वेणी सकाळी सहा वाजता घालायची, शाळेत हजेरी लावायच्या घाईत. डोळ्यांत पाणी यायचं इतकी ओढून. मी हलले की पाठीत धपाटा. कॉलेजात गेल्यावर पहिलं काम मी केस कापायचं केलं. तिच्या बोटांना हळू वागता येतं हे मला त्या दिवशी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दुसरीच्या केसांवर कळलं.

"थँक यू, आई," वेणी झाल्यावर मुलगी म्हणाली.

मी चटकन म्हटलं, "ते तिचं नाव नाही. आई म्हणजे मदर."

"हो का?" तिने आईकडे बघितलं. "मग मी काय म्हणू?"

मी भाषांतर केलं नाही. पण आईला कळलं होतं. "आई ओके," ती म्हणाली. "नो प्रॉब्लेम."

दुपारी सगळी बोट पेंगायला लागली. पुढे काही तरुण पोरं पत्ते खेळत होती, त्यांचाही आवाज उतरला. मुलीने पाय सीटवर घेतले आणि आईला विचारलं, "तुम्ही लहान असताना कशा होतात?"

मी ते मराठीत सांगितलं. मला वाटलं, आई हसेल आणि म्हणेल, कशी असणार? सगळ्यांसारखी. कारण मला तिने तेच सांगितलं असतं. म्हणजे, मी विचारलं असतं तर.

आईने पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सांग तिला, मी एक वर्ष होडी चालवली."

"काय?" मी म्हटलं.

"तिला सांग ना."

आजोबा कर्ली नदीवर तरीवर होते, हे मला माहीत होतं. पूल व्हायच्या आधी माणसं होडीने पलीकडे सोडायची, ते काम. पण आई चौदा वर्षांची असताना त्यांचा पाय मोडला आणि वर्षभर आईने ती होडी वल्हवली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिले आठ दिवस लोक तिच्या होडीत बसेनात. पोरगी बुडवील म्हणायचे. मग एका म्हातारीला पलीकडे लेकीकडे जायची घाई होती, ती बसली, आणि मधोमध पोचल्यावर काठावरच्यांना शिव्या घालत ओरडली, "बघितल्यात? जित्ती आसंय मी!" त्यानंतर लोक बसायला लागले. एकदा आईने नवरीला नेलं, एकदा बैलाला. बैल मध्ये उभा राहिला तेव्हाची गोष्ट सांगताना आई स्वतः उभी राहिली, पाय फाकवून, आणि मुलगी इतकी हसली की पत्तेवाल्यांनी वळून बघितलं.

मीही हसले. पण प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून त्या मुलीच्या कानात जात होतं आणि मला वाटत होतं, माझ्या घरातलं सामान मी स्वतःच्या हाताने उचलून दुसऱ्याच्या टेम्पोत भरतेय.

"मग सोडली का होडी?" मुलीने विचारलं.

"वडलांचा पाय बरा झाला. माझी शाळा तेवढी सुटली. मग लग्न." आईने प्लॅस्टिकच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "नंतर एकदा परत गेले होते. चार महिने. हिला घेऊन." तिने मान माझ्याकडे झुकवली. "ही तीन वर्षांची होती. घर सोडून गेले होते मी. परत यायचं नाही, असं ठरवून. सांग तिला."

 इंजिन धडधडत होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, ओठ किंचित उघडे, पुढचं वाक्य घ्यायला तयार.

"ती म्हणतेय," मी इंग्रजीत म्हटलं, "मी लहान असताना ती मला घेऊन सुट्टीला गावी गेली होती."

"किती छान," मुलगी म्हणाली.

"तसं नाही म्हटलं मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती मुलीकडे वळली. "नॉट हॉलिडे. आय गो. फ्रॉम हाउस. फोर मंथ." आणि मग शब्द शोधून, छातीवर हात ठेवून, "आय अँग्री."

मुलीने तिचा हात हातात घेतला. मी उठले आणि बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले.

तिथे ऊन होतं. मी तास-दीड तास बसले असेन. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी बघत होते. आई हातवारे करून बोलतच होती. माझ्याशिवायही त्यांचं चाललं होतं. मला राग नक्की कशाचा आला होता? तिने घर सोडलं होतं याचा नाही. ते तर अजून डोक्यात शिरलंच नव्हतं. ते सकाळीच बोटीत भेटलेल्या मुलीला आधी कळलं, आणि मला केवळ दुभाषी म्हणून, याचा.

संध्याकाळी पाकबेंगला उतरलो. एकच चढणीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लॉज आणि खाणावळी. त्या मुलीचा लॉज वेगळा होता, पण जेवायला ती आलीच. आईला भाजी-भात कसा मागवायचा ते तिनेच दाखवलं. निघताना म्हणाली, "उद्या माझ्यासाठी जागा ठेवाल? मला सकाळी उठायला जमत नाही."

"ठेवू," आई म्हणाली. हे तिने मला न विचारता, मराठीत सांगितलं आणि मुलीला कळलं.

खोलीत आल्यावर आईने नायलॉनची दोरी खिडकीला बांधली आणि ओढण्या वाळत घातल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिने विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही. दमलेय." तिने दिवा घालवला.

सकाळी लॉजच्या मालकाने सांगितलं की आज दोन बोटी आहेत. कालची, आणि माणसं जास्त झाली म्हणून तिच्याआधी सुटणारी एक लहान बोट. मी ते ऐकलं आणि काही न बोलता आईला उठवलं. घाटावर उतरलो तेव्हा नदीवर धुकं होतं. मी सरळ लहान बोटीच्या फळीकडे वळले.

"कालची बोट ती ना?" आईने हात करून दाखवलं.

"आज बदलली."

"मग ती?"

"तीपण इथेच येईल."

आईने शेजारच्या सीटवर आपली सॅक ठेवली, जागा धरायला. दहाएक मिनिटांत बोट भरली. एक बाई सीटकडे बघत उभी राहिली, आईने मानेने नाही म्हटलं. मग फळी आत ओढली गेली आणि बोट सुटली.

तेवढ्यात ती घाटाच्या पायऱ्यांवर दिसली. वेणी तशीच, कालची, झोपून विस्कटलेली. हातात केळीच्या पानाच्या तीन पुड्या. तिने आम्हाला बघितलं आणि ओरडली, "आई!"

तिची हाक पाण्यावरून स्वच्छ आली. आई उठून उभी राहिली. आमच्यामध्ये वीस-तीस हात पाणी पडलं होतं. मुलीने पुड्या वर धरून दाखवल्या, मग खांदे उडवले. आईने हात केला. मग माझ्याकडे वळली.

"तिला सांगितलं नव्हतंस?"

"कशी सांगणार? तिचा नंबर कुठे आहे माझ्याकडे?"

"माझ्याकडे आहे," आई म्हणाली. "तू विचारलं नाहीस."

ती बसली. सॅक उचलून तिने मांडीवर घेतली आणि उभ्या असलेल्या बाईला खूण केली. बाई येऊन तिच्या शेजारी बसली. म्हणजे त्या दिवशीही मी मागेच होते.

दोन-अडीच तासांनी एका वाळूच्या काठाला ती बाई उतरली, तेव्हा मी आईशेजारी गेले. आता ती माझी एकटीची होती. पुढचे सहा तास, कुणी मध्ये नाही. मी तिला एक खडक दाखवला. तिने बघितला. काठावरच्या बायका ताटं घेऊन वाळू धूत होत्या, सोनं शोधतात म्हणे. मी वाचलेलं सगळं तिला सांगितलं. ती "हं" म्हणाली. मी नूडल्स आणले. तिने खाल्ले, कप नीट दुमडून पिशवीत ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाण्याकडे बघत होती.

दुपार कलताना मला राहवलं नाही. "मी मुद्दाम केलं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"फळीवरूनच. तू खोटं बोलताना भरभर चालतेस." तिने पदर नसताना पदर सारखा केल्यासारखी ओढणी ओढली. "तिने काय घोडं मारलं होतं तुझं?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस. होडीचं नाही, घर सोडल्याचं नाही. आणि तिला एका दिवसात..."

"तू विचारलंस कधी?"

"असं कोण विचारतं? आईला, तू लहानपणी कशी होतीस म्हणून?"

"तिने विचारलं ना."

 आईने मग मला आणखी टोचलं नाही. म्हणाली, "ती परत भेटणारही नाही. तिला सांगितलं की तिथल्या तिथे राहतं. तुला सांगितलं तर तू घरी जाऊन बाबांकडे वेगळ्या नजरेने बघशील."

"आता तर बघणारच."

"म्हणूनच सांगितलं नव्हतं."

बोट एका वळणावर आली. पाणी फेसाळत होतं, सगळे जरा सावरून बसले. ते ओलांडल्यावर मी म्हटलं, "आता सांग. सगळं."

तिने सांगितलं. मी विचारत होते तेवढंच, जास्त नाही. तेव्हा ते घाटकोपरला राहायचे, एका खोलीत सात माणसं. जवळच्या बालवाडीत मदतनीस हवी होती. आईने जाऊन विचारलं, त्यांनी हो म्हटलं. चार दिवसांनी बालवाडीच्या बाई स्वतः घरी आल्या, कधीपासून येता ते विचारायला. आई आत भात उतरवत होती. बाहेर बाबांनी त्यांना सांगितलं, ती येणार नाही. बाई गेल्या. बाबा आत येऊन जेवायला बसले आणि त्यातलं एक अक्षर बोलले नाहीत.

"माका कोणी इचारल्यान नाय," आई म्हणाली. माहेरची बोली तिच्या तोंडी क्वचितच यायची. "मी भात वाढला. दुसऱ्या दिवशी तुला घेतलं आणि एसटीत बसले."

"मग बाबा आले न्यायला?"

"चार महिन्यांनी. त्याआधी पत्रं यायची, दिरांच्या हातची. ती मी वाचून परत पाठवायचे. मग एक दिवस हे स्वतः आले. पलीकडच्या काठावर उभे. तुझे आजोबा त्यांना आणायला जाईनात. म्हणाले, राहू दे उभा. दुपारभर उभे होते ते तिथे, उन्हात."

"मग?"

"मग काय. मीच होडी घेऊन गेले. मधोमध नेऊन वल्हं आत घेतलं आणि म्हटलं, आता बोला. त्यांना पोहता येत नाही." आईच्या तोंडावर हसू आलं, पहिल्यांदा त्या दिवशी. "मुलुंडला वेगळी खोली घेतलीय म्हणाले. म्हणाले, काम मिळालं तर कर. घाबरून म्हणाले की खरंच, ते मला अजून माहीत नाही. पण शब्द पाळला."

आम्ही मुलुंडला आलो ते बाबांचा कारखाना जवळ म्हणून, असं मी आयुष्यभर ऐकलं होतं. मी विचारलं, "मी होते का होडीत?"

"नाही. तू काठावर आजीच्या कडेवर. रडत होतीस. तुला वाटत होतं मी तुला सोडून चाललेय."

मला त्यातलं काहीच आठवत नाही. खूप आठवून बघितलं तरी नाही.

लुआंग प्रबांगचा धक्का शहरापासून लांब आहे. बोट लागली की माणसं चढण चढून वर येतात आणि रिक्षासारख्या गाड्यांत बसून शहरात जातात. वर आल्यावर मी गाडी ठरवायला निघाले, तर आई पायरीवरच बसली. "दुसरी बोट येऊ दे," म्हणाली.

मी तिच्या बाजूला बसले. अर्धा-पाऊण तास. दुसरी बोट आली आणि ती मुलगी जवळजवळ शेवटी उतरली. आईला बघून ती चढण धावत आली. तीन पुड्यांपैकी एक तिने स्वतः खाल्ली होती, एक शेजाऱ्याला दिली होती, आणि एक ठेवली होती. आत चिकट भात. दिवसभराच्या उष्म्याने आंबूस झालेला. आईने तो सगळा खाल्ला.

मी त्या मुलीला म्हटलं, "सकाळी चूक माझी होती. दोन बोटी आहेत हे मला माहीत होतं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "काल तू पुढे जाऊन बसलीस तेव्हाच वाटलं. मला मोठी बहीण आहे. मीपण हेच केलं असतं."

इतक्या सहज तिने माफ केलं, आणि तेही मला आवडलं नाही. त्यातही तीच वरचढ ठरली असं वाटलं.

लुआंग प्रबांगला आम्ही तिघी तीन दिवस बरोबर होतो. चौथ्या सकाळी ती दक्षिणेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. आईने तिला मेतकुटाचा अर्धा डबा दिला, कसं खायचं ते मला सांगायला लावलं, आणि बस वळेपर्यंत उभी राहिली. नंतर ती रडली का, मला माहीत नाही. मी मुद्दाम पुढे चालत होते. आमचे आणखी सहा दिवस उरले होते. ते चांगले गेले, अगदी झकास. आई परत माझ्या सॅकचा पट्टा धरून चालायला लागली. पण आता ती पाट्या मला विचारायची नाही. स्वतःच अक्षर अक्षर लावून वाचायची, आणि चुकलं तरी पुढे जायची.

मुलुंडला पोचलो त्या दिवशी बाबांनी स्वतः खिचडी केली होती, खाली लागलेली. जेवताना त्यांनी विचारलं, "दोन दिवस त्या बोटीत बसून केलंत काय?"

"काय करणार?" आई म्हणाली. "बसलो."

मी बाबांकडे बघितलं. ते लोणच्यातली फोड बाजूला काढत होते. आई म्हणाली होती तसंच झालं होतं, मी वेगळ्या नजरेने बघत होते. उन्हात दुपारभर काठावर उभे असलेले दिसत होते ते मला, आणि भाताचं पातेलं उतरत असताना बाहेर 'ती येणार नाही' म्हणणारेही. दोघेही एकाच ताटावर बसून जेवत होते.  आईने माझ्या ताटात न विचारता तूप वाढलं.

याला आता वर्ष होत आलं. मी दर रविवारी मुलुंडला जाते, पूर्वी महिन्यातून एकदा जायचे. जेवण झाल्यावर मी आईला काहीतरी विचारते. शाळेतलं, माहेरचं, पहिल्या पगाराचं. कधी ती सांगते. कधी म्हणते, "डोकं नको खाऊ." मी विचारायला शिकतेय, पण तिला अजून सवय झालेली नाही, आणि मला तर मुळीच नाही. प्रश्न विचारताना माझा आवाज मुलाखत घेतल्यासारखा होतो, असं ती म्हणते.

गेल्या रविवारी मी असंच काहीतरी विचारत होते आणि तिचा मोबाइल वाजला. पडद्यावर ते सोललेलं नाक. ती मुलगी आता तिच्या गावी परतलीय, तिथे बर्फ पडत होता. "आई!" ती ओरडली. आई लगबगीने चष्मा शोधायला लागली, मोबाइल माझ्याच हातात. मी हसून हात हलवला. ती म्हणाली, "मेतकूट संपलं!" मी म्हटलं, "सांगते."

मग आई चष्मा लावून आली, आणि मी मोबाइल तिला दिला. ती बाल्कनीत गेली, दार अर्धवट ओढून घेतलं. मी आत भांडी घासायला गेले. नळ बारीक सोडला, म्हणजे बाहेरचं ऐकू येईल.